गोगट्यांचं नाक

शामकांत गोगट्यांचं नाक दिसायला साधंच होतं. थोडं लांब, शेंड्याला थोडं लाल, चष्मा टिकेल इतपत बाकदार. पण सिंगापुरातल्या मराठी मंडळींत त्या नाकाला जो मान होता, तो खुद्द शामकांतरावांनाही नव्हता. कुणाकडे जेवायला गेलं की यजमानीण पातेल्याचं झाकण उघडून आधी त्यांच्याकडे बघायची. शामकांतराव डोळे मिटून हुंगायचे, किंचित थांबायचे आणि "जिरं जरा जास्त परतलंय" असं काहीतरी म्हणायचे. बाई बिचारी ओशाळायची आणि बाकीची मंडळी माना डोलवायची.

या कीर्तीचा उगम समुद्रात होता. तरुणपणी जहाजावर थर्ड इंजिनिअर असताना त्यांनी म्हणे इंजिनावरची सगळी मापकं 'ठीक आहे' सांगत असताना नुसत्या वासावरून ओळखलं होतं की एक बेअरिंग तापलंय. इंजिन थांबवलं, जहाज वाचलं. ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की तिच्यात आता एक वादळ आणि एक रडवेला ग्रीक कप्तानही भरती झाला होता. पुढे ते जमिनीवर आले, बिशानला फ्लॅट घेतला आणि बंदरात येणाऱ्या जहाजांची इंजिनं तपासणाऱ्या एका कंपनीत सुपरिंटेंडंट झाले. तिथेही "गोगटे सर आधी हुंगतात, मग टॉर्च लावतात" अशी ख्याती होती.

आणि एवढ्या कीर्तीच्या या नाकाने दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिला होता.

झालं होतं असं, की चार दिवस ताप आला. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. शामकांतरावांनी कॉफी हुंगली, काही नाही. हिंगाची डबी उघडून नाकात खुपसली, नुसत्या शिंका आल्या. आता कुणीही शहाणा माणूस डॉक्टरकडे गेला असता, निदान बायकोला तरी सांगितलं असतं. पण शामकांतरावांनी विचार केला, की गायकाचा गळा गेला तर लोक हळहळतात, पण आपलं नाक गेलं तर हसतील. शिवाय ऑफिसात कळलं तर जहाजावर कोण पाठवणार? खुर्चीत बसून ई-मेल करत राहावं लागेल. तेव्हा त्यांनी तोंड बंद ठेवलं आणि अभिनय सुरू केला.

अभिनयाचंही एक शास्त्र असतं. इतरांनी नाक मुरडलं की आपण त्यांच्या आधी मुरडल्यासारखं करायचं. पातेलं उघडलं की "अहाहा!" म्हणायचं, पण कशाला म्हणतोय ते सांगायचं नाही. दोष काढायचाच झाला तर जिऱ्याचा काढायचा, कारण जिरं जास्त परतलंय की नाही याबद्दल कुठल्याच बाईला स्वतःची खात्री नसते. अशा रीतीने दोन वर्षं निभावली. कुमुदला, म्हणजे त्यांच्या पत्नीला, काडीचाही संशय आला नाही अशी त्यांची ठाम समजूत होती.

संकट आलं ते जूनच्या सुट्टीत आणि घरातूनच आलं. त्यांची मुलगी जान्हवी चौथीत होती. शाळेने सुट्टीचा प्रोजेक्ट दिला: माणसाची ज्ञानेंद्रियं कशी चालतात, घरच्या घरी साधे प्रयोग करून बघा आणि शाळा उघडली की वर्गासमोर सांगा. शामकांतराव म्हणाले, "सोपं आहे, मी करून देतो." पण तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा रत्नदीप खाली आला.

हा रत्नदीप मूळचा नागपूरचा. कुठल्याशा प्रयोगशाळेत संशोधक, अत्यंत हुशार, अत्यंत सज्जन आणि दुसऱ्याच्या घरात उद्योग लावून देण्यात अत्यंत तत्पर. 'प्रयोग' हा शब्द ऐकून त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"काहो शामकांतराव, पुस्तकातून उतरवता की काय? अहो, आपलं शरीर हीच प्रयोगशाळा आहे! जान्हवी बेटा, तीन वाडगे आण."

तीन वाडगे आले. एकात बर्फाचं पाणी, एकात सोसेल इतकं गरम, मधल्यात नळाचं. एक हात गारात, एक गरमात, थोड्या वेळाने दोन्ही मधल्या वाडग्यात. एकच पाणी, पण एका हाताला ऊन लागतं आणि दुसऱ्याला गार. जान्हवी किंचाळली, "माय हँड्स आर फायटिंग!" मग कुमुदला पाठमोरी बसवून तिच्या पाठीवर पेन्सिलींची टोकं टेकवली. दोन टेकवली तरी ती म्हणायची एकच आहे. बोटाच्या टोकावर मात्र दोन्ही अचूक ओळखली. मग कागदावर एक फुली आणि एक ठिपका काढून, एक डोळा मिटून, कागद जवळ आणत ठिपका गायब करायचा प्रयोग झाला. प्रत्येकाच्या डोळ्यात अशी एक आंधळी जागा असते, असं रत्नदीपने सांगितलं. "यांच्या डोळ्यात दोन असणार, ओल्या टॉवेलसाठी वेगळी," कुमुद म्हणाली. सगळे हसले. शामकांतरावही हसले. इथवर सगळं छान चाललं होतं.

"आता चव!" रत्नदीप म्हणाला. "जिभेचं नाव होते, पण अर्धंअधिक काम नाकच करते. डोळे बांधायचे, नाक दाबायचं आणि सफरचंद की कच्चा बटाटा ते सांगायचं. मग नाक सोडून पुन्हा."

 शामकांतरावांनी ऑफिसचा फोन आल्यासारखं केलं, पण फोन चार्जिंगला लावलेला सगळ्यांना दिसत होता. जान्हवी नाक दाबून चुकली, सोडल्यावर तिने बरोबर ओळखलं. कुमुदही तशीच. मग शामकांतरावांच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. नाक दाबून ते चुकले, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मग नाक मोकळं करून कुमुदने त्यांच्या तोंडात एक फोड घातली. त्यांनी ती सावकाश चावली, कर्रकुर्र असा आवाज नीट ऐकला, आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "फुजी. जपानी सफरचंद. जरासं कमी पिकलंय."

ओढणी सोडली तर कुमुदच्या हातात बटाट्याची साल.

 मग शामकांतराव इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या गोह अंकलनी टीव्हीचा आवाज वाढवला. "फसलात की नाही? मुद्दाम म्हटलं! तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवता की पुराव्यावर, ते बघत होतो." रत्नदीपने संशयाने पाहिलं. कुमुद बटाट्याच्या फोडी गोळा करण्यात गुंतली होती. पण जान्हवीचा बापावर पूर्ण विश्वास बसला, आणि तोच पुढे महागात पडला.

रात्री जेवताना तिने जाहीर केलं, "पप्पा, आय डिसायडेड. एव्हरीबडी विल डू द बोल्स अँड द पोटॅटो. सो बोअरिंग लाह. माझा प्रोजेक्ट तुमच्यावर. 'माय फादर्स नोज'!"

 शामकांतराव म्हणाले, नाकाचं काय एवढं, कानावर कर, कान किती सुंदर इंद्रिय आहे. पण जान्हवीने शिप आणि बेअरिंगची गोष्ट सुट्टी लागण्यापूर्वीच वर्गात सांगून ठेवली होती. टीचर म्हणाली होती की व्हिडिओ दाखव. एका मुलाने 'बाप खोटं सांगतो' असं म्हटलं होतं, आणि जान्हवीने त्याला पेन्सिल बॉक्स मारला होता. आता माघार कशी घेणार? पोरीने त्यांच्या नाकासाठी मारामारी केली होती. शामकांतरावांना अभिमान वाटला आणि लाजेने मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

मग सल्ले सुरू झाले. शामकांतरावांनी लिफ्टमध्ये एकाला सर्दीचं औषध विचारलं, त्यातून 'गोगट्यांना नाकासाठी काहीतरी हवंय' एवढंच पसरलं आणि जो तो वैद्य झाला. गोह अंकलनी हिरव्या तेलाची बाटली दिली. ते लावल्यावर नाकाला नाही, पण डोळ्यांना पूर आला. एकाने मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं. ते शामकांतरावांनी बाथरूमचं दार लावून केलं आणि अर्धं पाणी कानात गेलं. त्याच आठवड्यात दाराबाहेरच्या त्यांच्या चपलांच्या कपाटावर टाऊन कौन्सिलची नोटीस लागली, की कॉरिडॉरमध्ये अडथळा होतो, कपाट हलवा. एरवी त्यांनी मुकाट्याने हलवलं असतं. पण मन दुखावलेला माणूस कुठेतरी लढतोच. त्यांनी कपाटाची मापं, कॉरिडॉरची मापं आणि स्ट्रेचर जातं हे सिद्ध करणारी आकृती जोडून लांबलचक ई-मेल पाठवली. 'आपला ई-मेल मिळाला, विचार चालू आहे' असं उत्तर आलं, आणि विचार चालू असेपर्यंत कपाट जागच्या जागी राहिलं.

शनिवारी सकाळी कुमुद भाजीला टेक्का मार्केटमध्ये गेली आणि जान्हवी पोहायला. शामकांतराव घरी एकटे पेपर वाचत होते. त्यांना ठाऊक नव्हतं, की रत्नदीपच्या सल्ल्याने जान्हवीने जाण्यापूर्वी एक उद्योग करून ठेवलाय. ड्युरियनचा हंगाम होता. काटेरी सालीचं ते फळ, ज्याला इथली माणसं फळांचा राजा म्हणतात आणि ज्याला वासापायी ट्रेनमध्ये बंदी आहे, त्याचे भरपूर पिकलेले गरे तिने एका खोक्यात घालून, झाकण किलकिलं ठेवून, चपलांच्या कपाटात लपवले होते. बेत असा, की पोहून आल्यावर कॅमेरा सुरू करायचा, पप्पांना म्हणायचं 'काहीतरी लपवलंय, शोधा', आणि पप्पांनी सोफ्यावर बसल्या बसल्या ते सांगायचं. व्हिडिओ तयार. त्या मुलाची बोलती बंद.

पण सिंगापूरचा उकाडा, त्यात बंद कपाट, त्यात डांबराच्या गोळ्या, बुटाचं पॉलिश आणि गोगटे घराण्याचे मोजे. तासाभरात तिथून जे काही बाहेर पडलं, त्याला ड्युरियन म्हणावं तर मोज्यांसारखं आणि मोजे म्हणावेत तर गॅससारखं. आधी गोह अंकल बाहेर आले. मग समोरची आजी आली. मग वरच्या मजल्यावरची दोन माणसं. घोळक्याने बराच वेळ हुंगलं, वाद घातला आणि शेवटी तज्ज्ञाचं दार वाजवलं.

"मिस्टर गोगटे! यू शिप इंजिनिअर. यू स्मेल. गॅस ऑर नॉट?"

शामकांतराव दारात उभे राहिले. चपलांचं कपाट त्यांच्या गुडघ्याला टेकलं होतं. त्यांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला. काही नाही. स्वच्छ, रिकामी हवा. पण डोळे उघडले तर समोर इतके चिंतातुर चेहरे, आणि सगळे आपल्या नाकाकडे लागलेले. 'मला वास येत नाही' हे चार शब्द तोंडाशी आले होते. पण ते म्हणाले, "गॅस."

"शुअर, अह?"

"शंभर टक्के. आणि इथला नाही, खालून येतोय. तिसरा मजला."

तिसरा मजला का म्हणाले, देव जाणे. खोटं बोलताना नेमका आकडा टाकला की वजन येतं, एवढंच त्यांना आयुष्याने शिकवलं होतं. त्यानंतर मात्र पळापळ झाली. कुणीतरी फायर ब्रिगेडला फोन केला. आणि शामकांतरावांच्या अंगात जहाजावरचा चीफ इंजिनिअर संचारला. लिफ्ट कुणी वापरायची नाही! दिव्यांच्या बटणांना हात नाही! खिडक्या उघडा! ते स्वतः जिन्याने मजल्यामजल्यावर थांबून दारांच्या फटींपाशी हुंगत "इथे कमी", "इथे वाढला" असं सांगत उतरले. समोरच्या आजी माजाँगच्या सोंगट्यांचा डबा घेतल्याशिवाय हलायला तयार नव्हत्या. शेवटी त्यांना डब्यासकट खुर्चीत बसवून उतरवावं लागलं. खाली इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर शामकांतरावांनी सगळ्यांना मजल्यांप्रमाणे रांगेत उभं केलं आणि डोकी मोजली. खरं सांगायचं तर दोन वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

फायर ब्रिगेडवाले आले. अत्यंत शांत आणि शिस्तीची माणसं. त्यांच्या हातात एक यंत्र होतं, ते घेऊन ते तिसऱ्या मजल्यावर गेले, मग वर गेले. यंत्राला गॅस कुठेच सापडला नाही. पण त्यांना स्वतःला नाकं होती, आणि नाकांनी त्यांना सरळ गोगट्यांच्या दारापाशी नेलं.

इतक्यात एकीकडून भाजीच्या पिशव्या घेऊन कुमुद आली, दुसरीकडून ओल्या केसांनी जान्हवी आली, आणि डोकी मोजताना निसटलेला रत्नदीपही गर्दी बघून जिन्यातून अवतरला. त्याच जिन्यातून एक तरुण अधिकारी एक खोकं दोन्ही हात लांब धरून घेऊन आला. त्याने विचारलं, गॅस आहे असं कोण म्हणालं? सगळ्यांनी शामकांतरावांकडे बोट दाखवलं.

"सर," तो अदबीने म्हणाला, "हाच वास का?" आणि खोकं त्यांच्या हातात दिलं.

जान्हवीने घाईघाईने फोनचा कॅमेरा सुरू केला. बेत जरा वेगळ्या जागी घडत होता, एवढंच. "पप्पा, से! से व्हॉट इज इनसाइड!"

शामकांतरावांना कळलं की हीच ती घटका. पोरीचे डोळे चमकत होते. अख्खा ब्लॉक बघत होता. त्यांनी खोकं थेट नाकापाशी नेलं. पुढची रांग दोन पावलं मागे सरकली, तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, थोडं थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "ग्रीस. जळलेलं ग्रीस आहे हे. लिफ्टच्या मोटरचं असावं."

अधिकाऱ्याने हळूच झाकण उघडलं. आत पिवळेधमक गरे.

 गोह अंकल आपल्या चपलांकडे बघत होते. जान्हवीचा फोन हळूहळू खाली आला.

"पप्पा... यू कान्ट स्मेल?"

शामकांतरावांनी तोंड उघडलं. आताही हसून 'फसलात की नाही' म्हणता आलं असतं. त्यांनी लेकीकडे बघितलं आणि त्यांना ते जमेना. "नाही गं," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. ताप आला होता ना, तेव्हापासून. मी तुझ्याशी खोटं बोललो."

एवढं मोठं गुपित फुटल्यावर आभाळ कोसळेल असं त्यांना वाटलं होतं. पण गोह अंकलची बायको नुसता हात उडवून म्हणाली, "ऑफ कोर्स कॅनॉट लाह! होल ब्लॉक नोज." आणि मग, शामकांतरावांना धीर द्यावा म्हणून, तिने आपल्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. सकाळी वास आला तेव्हा तिला आधी वाटलं की मिसेस गोगटेंचे सुके मासे आहेत. दर दुपारी तळते ना ती. पहिल्यांदा ब्लॉकमधले लोक तक्रार करणार होते. पण मग म्हणाले, असू दे, नवऱ्याला वास येत नाही, बायको इतकी खुश आहे, आपण खिडकी लावू. आज दार वाजवलं ते तिच्या नवऱ्याला वाटलं म्हणून, की त्याच्या हिरव्या तेलाने नाक परत आलं असेल.

शामकांतरावांनी सावकाश मान वळवली. कुमुद भाजीच्या पिशवीत काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होती.

फायर ब्रिगेडवाल्यांनी रागावण्याऐवजी ड्युरियन बंद खोक्यात ठेवण्याबद्दल दोन शब्द सांगितले आणि गेले. रत्नदीप "माझं दूध उतू जाते" असं सांगून सटकला. तिघं घरी आली. दार लागलं.

"सुके मासे?" शामकांतराव म्हणाले. "माझ्या घरात?"

"बोंबील," कुमुद म्हणाली. "कधी सोडे. कधी जवळा. जान्हवीला सांगायचे, शेजारून वास येतोय."

"किती दिवस?"

"तुमचा ताप उतरल्यावर आठवड्याभरात सुरू केलं. मी चौलची बाई. लग्न झाल्यापासून तुमच्या या नाकापायी घरात बोंबलाचा तुकडा आणला नाही. एकदा बाहेर खाऊन आले तर लिफ्टमध्ये ओळखलंत आणि दोन दिवस बोलला नाहीत. मग त्या दिवशी डाळ करपली, काळी ठिक्कर झाली, आणि तुम्ही दारातून आत येऊन 'अहाहा' म्हणालात. मला कळलं ते तेव्हाच. दुसऱ्या दिवशी धीर करून चार बोंबील तळले. तुम्ही आलात, नाक वर केलंत आणि म्हणालात, आज नवी अगरबत्ती वाटतं!"

जान्हवी सोफ्यावर आडवी पडून हसत होती. शामकांतरावांना मात्र खरंच लागलं. "म्हणजे दोन वर्षं तू मला हसत होतीस?"

"हसत होते," कुमुद म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "आणि घाबरतही होते. गॅसची शेगडी काढून इंडक्शन का आणलं, वाटलं तुम्हाला? गॅसची बचत म्हणून? उद्या घरात खरंच गॅस सुटला असता आणि तुम्ही एकटे असतात तर? फ्रिजमधलं दूध तुमच्या हाती लागण्याआधी मी रोज हुंगते. वाट बघत होते, की कधीतरी माणूस म्हणेल, कुमुद, मला वास येत नाही गं. मी काय हाकलून देणार होते का तुम्हाला?"

 शामकांतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी हिरवं तेल नव्हतं. "सोमवारी डॉक्टरकडे जाऊ," ते म्हणाले. "ऑफिसातही सांगतो." जान्हवी उठून बसली आणि विचारू लागली की वास येत नाही तर मग आंबा कसा लागतो, टूथपेस्ट कशी लागते, नुसता गारवा कळतो का, आणि 'माय फादर्स नोज' हेच नाव ठेवलं तर चालेल का. त्यांनी एकेका प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. नाक गेल्यावर पहिल्यांदाच त्याच्याबद्दल बोलताना त्यांना मोकळं वाटत होतं.

मग ते कुमुदकडे वळले. "आहेत का घरात?"

"काय?"

"बोंबील. तळ ना. लपून काय खातेस, मलाही दे."

कुमुदने त्यांच्याकडे नीट बघितलं, थट्टा नाही याची खात्री केली आणि सिंकखालच्या कपाटातून, फिनेलच्या बाटल्यांमागून, एक घट्ट झाकणाचा डबा काढला. बोंबील पाण्यात भिजले, त्यांना तिखट-मीठ लागलं, ते रव्यात घोळले गेले आणि तव्यावर चुरचुरू लागले. शामकांतराव अगदी तव्यापाशी उभे होते. आवाज ऐकू येत होता, धूर दिसत होता, गालाला धग लागत होती. एकच गोष्ट कळत नव्हती.

"कुमुद," त्यांनी विचारलं, "कसा येतोय गं वास?"

कुमुद शब्द शोधत राहिली. तेवढ्यात शेजारी गोह अंकलच्या स्वयंपाकघराची खिडकी धाडकन बंद झाली. मग वरच्या मजल्यावरची. मग त्याच्याही वरची.

"असा," कुमुद म्हणाली.